शाळेतला माग

आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारीत नसे. मारून उपयोग नसे. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत माग चाले आणि त्या आवाजाखाली माणसाचा आवाज बुडून जाई. आप्पा, म्हणजे माझे वडील, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत. पायांखाली दाबायच्या पावड्या, उजव्या हातात खटक्याची दोरी. आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे जाई, ते सूत ठोकून बसवणारी फणी आपटे, धोटा परते. वडगावच्या त्या गल्लीत प्रत्येक घरातून हाच आवाज येई, तरी आपल्या घरचा माग कोणता हे आम्हांला झोपेतही कळे. वडिलांना काही हवे असले की ते माग थांबवीत. आवाज बंद पडला की आई चुलीपुढून उठे, थोरली बहीण गंगाक्का कांड्या भरायचा रहाट सोडून दारात येई आणि मी जेथे असेन तेथून पळत येत असे. त्यामुळे शांतता म्हणजे विश्रांती असे मला कधी वाटले नाही. अजूनही वाटत नाही. दुपारी घर निवांत झाले की माझा हात आपोआप काठीकडे जातो आणि मी उठून उभा राहतो. सुना हसतात. त्यांना मी कारण सांगितलेले नाही.

आठवड्यातून एकदा पाजणी असे. आदल्या दिवशी ताणा तयार होई, म्हणजे लुगड्याची उभी सुते. ती पहाटे गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायची आणि दोन्ही बाजूंनी कुंच्याने खळ चोळायची. ज्वारीच्या पिठाची खळ मोठ्या भांड्यात शिजत असे. तिचा आंबूस वास कपड्यांना, केसांना, अंथरुणाला असे. उरलेली खळ आई मीठ आणि लसूण घालून आम्हांला वाढी. वर शिळी भाकरी. त्या दिवशी दुसरे काही शिजत नसे, कारण घरातले प्रत्येक हात बाहेर गुंतलेले असत. उन्हे चढण्याआधी काम उरकले पाहिजे. सूत वाळून ताठ झाले की दिवस वाया. मी कुंचा टाकून शाळेकडे धावेपर्यंत घंटा होऊन गेलेली असे. माझ्या बोटांवरची खळ वाटेत वाळे आणि सोलून निघे.

दारात थोरले मास्तर उभे असत. ते शाळेचे मुख्य. आम्ही त्यांना याच नावाने ओळखत होतो. पुढे शाळेत दुसरे मास्तर आले तेव्हा त्यांना नवे मास्तर म्हणू लागलो. दोघांची खरी नावे येथे देण्याचे कारण नाही.

थोरले मास्तर तळहातावर मारीत नसत. ते पाचही बोटे जुळवून वर करायला सांगत आणि टोकांवर रूळ मारीत.

"लागलं?"

"व्हय, मास्तर."

"कुठं?"

"टोकाला."

"आज घरी गाठ मारता येईल?"

"न्हाय, मास्तर."

"मग बरोबर लागलं. बस."

ही नुसती लहर नव्हती. त्यामागे विचार होता आणि तो त्यांनी आम्हांला उघडपणे सांगितला होता. विणकराला पोराची बोटे हवी असतात. बारीक बोटांनी तुटलेले सूत लवकर सांधले जाते. म्हणून बाप पोराला चौथीतून काढतो. "तुमच्या बापाशी मी भांडत बसत नाही," ते म्हणत. "मी बोटंच निकामी करतो. माल बिघडला की बाप तो माझ्याकडे ठेवून जातो." शाळेचे काम पोराला घरातून उपटून काढणे हे आहे, असे त्यांचे मत होते. उपटताना मुळे तुटतात, याची त्यांना कल्पना होती. त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. त्यांच्या हाताखालून गेलेली बारा-पंधरा मुले तलाठी, कारकून, मास्तर झालेली होती. त्यांची नावे ते आम्हांला रोज प्रार्थनेनंतर म्हणायला लावीत.

नवे मास्तर मी सातवीत असताना आले. सडपातळ, आवाज हळू. त्यांनी कधी कोणाला मारले नाही. हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचे नवे धोरण तेव्हा सगळीकडे बोलले जात होते आणि ते त्याचे खास शिक्षण घेऊन आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बोटे हातात घेऊन पाहिली. टोके काळी-निळी होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्यांची किळस आली. इतक्या वर्षांत माझी बोटे पाहून घरात कोणी रडले नव्हते आणि या परक्या माणसाने वर्गासमोर रडावे, हे मला लाजिरवाणे वाटले.

मधल्या सुटीत दोघे व्हरांड्यात वाद घालीत. आम्ही खिडकीखाली बसून भाकरी खात ऐकत असू.

"मास्तर, या पोरांना आकडेमोड मागावर शिकवता येईल," नवे मास्तर म्हणत. "सुतांची मोजणी, नक्षीचा हिशेब, सगळं त्यांच्या हातात आहे. आपण त्यांना त्यांच्या घरापासून तोडतोय."

"तोडायलाच बसलोय मी इथं."

"हातानं काम करणं कमीपणाचं आहे असं त्यांच्या डोक्यात भरतोय आपण."

"तुमचा धाकटा भाऊ कुठं असतो हो?"

"बेळगावात. इंग्रजी शाळेत."

"तिथं तो सूत काततो?"

"तो यंदा मॅट्रिकला आहे."

"अरे वा! म्हणजे माग यांच्या पोरांना आणि मॅट्रिक तुमच्या भावाला. धोरण छान आहे. मला आवडलं."

खिडकीखाली आम्ही हसलो. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

परवा बेळगावात आम्हां निवृत्त शिक्षकांची एक बैठक झाली. विषय तोच, शाळा कशासाठी. पाच जण बोलले. दोघांनी थोरल्या मास्तरांचे म्हणणे मांडले, तिघांनी नव्यांचे. शब्द नवे होते. पोरांना विचारावे, असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही. चहा झाल्यावर मी घरी आलो.

मला काय हवे होते ते सांगतो. मला फायनलच्या परीक्षेला बसायचे होते. फायनल पास झालेला मुलगा मास्तर होऊ शकत असे, आणि मास्तराला खड्ड्यात पाय सोडून बसावे लागत नसे. वडिलांचे गुडघे पावसाळ्यात सुजत. खड्ड्यातला ओलावा हाडांत जाई. आई रोज त्यांना वीट तापवून शेक देई. ते गुडघे मला नको होते. दुसरी कोणतीही थोर आकांक्षा नव्हती. थोरल्या मास्तरांनी त्या वर्षी चार नावे पाठवायची ठरवली होती. "चौथा तू," त्यांनी सांगितले होते. "शनिवारी अर्ज जाईल. तोवर तपासणी नीट पार पडू दे."

तपासणीला साहेब यायचे होते. नव्या मास्तरांनी त्यासाठी शाळेच्या मागच्या खोलीत माग बसवायचे ठरवले. अडचण अशी होती की त्यांना विणता येत नव्हते. टकळीवर सूत कातता येत होते. खड्डा किती खोल, पावडी कुठे, काहीच ठाऊक नव्हते. ते आमच्या घरी आले. वडिलांनी माग थांबवला आणि आम्ही सगळे दारात जमलो.

"शाळंत माग?" आप्पा म्हणाले. "मग घरात हाय त्ये काय हाय, मास्तर?"

"ही पण शाळाच आहे. आणि तुम्ही इथले गुरुजी."

आप्पा मोठ्याने हसले. "ऐकलंस काय गं? आमी इतकी वर्सं शाळंतच बसलोय म्हनं!" आई हसली नाही. ती नव्या मास्तरांच्या पायांकडे पाहत होती. ते जोडे घालून खड्ड्याच्या कडेपर्यंत आले होते.

पण त्या एका शब्दाने वडिलांना जिंकले. त्यांना आजवर कोणी गुरुजी म्हटले नव्हते. त्यांनी दोन दिवस घरचे काम सोडून शाळेत खड्डा खणला, जुना माग दुरुस्त करून उभा केला. ताणा मिळेना तेव्हा स्वतःचा पाजलेला ताणा नेऊन चढवला. अंजिरी रंगाच्या लुगड्याचा होता तो. "चार दिस तिथं ऱ्हाऊ दे," ते आईला म्हणाले. "साहेब बघून गेला की आनतो." मी शाळेत शिरलो तेव्हा ते खोलीत घाम पुसत उभे होते आणि पोरे त्यांना "गुरुजी, गुरुजी" म्हणून चिडवत होती. त्यांना ते चिडवणे कळले नाही. ते प्रत्येकाला उत्तर देत होते.

तपासणीचा दिवस साहेबांनी कळवला, नव्या मास्तरांनी लिहून घेतला. तो अमावास्येचा होता. आमच्या गल्लीत अमावास्येला माग बंद असे. फणीला हळदकुंकू लागे, धोटा पाटावर ठेवला जाई आणि दिवसभर मागाला कोणी हात लावीत नसे. घरात मूल आजारी असो, लग्न तोंडावर असो, हा नेम मोडत नसे. नव्या मास्तरांनी आमच्या व्यवसायावर इतके ऐकवले होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हते.

साहेब आले. कोट, फेटा, सोन्याच्या काडीचा चष्मा. खोलीत वडील धुतलेले धोतर नेसून मागाशेजारी उभे होते. त्यांनी फणीला कुंकू लावले होते. साहेब उभा माग नुसता बघून जाईल, अशी त्यांची समजूत होती.

"बसा, गुरुजी," नवे मास्तर म्हणाले. "साहेबांना दाखवा."

"आज आवस हाय, मास्तर. आज मागाला हात न्हाय लावत."

"फक्त चार बोटं विणा."

"न्हाय जी. उद्या सकाळी या म्हनावं साहेबास्नी. दिसभर विनून दावतो."

"साहेब उद्या निपाणीला जाणार आहेत!" नव्या मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. थोरले मास्तर भिंतीला टेकून उभे होते. ते मजेत म्हणाले, "हेच ते, साहेब, जीवनातून शिक्षण. जीवन आज सुटीवर आहे."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घड्याळ काढले. माझ्या डोक्यात शनिवार होता. तपासणी बिघडली तर शाळेवर शेरा येईल, आणि शेरा आला तर चार नावांची तीन होतील, आणि चौथा मी होतो. मी पुढे गेलो आणि खड्ड्यात पाय सोडले.

आप्पांनी माझा दंड धरला. "परशा. ऊठ."

मी त्यांचा हात झटकला आणि खटका ओढला.

मी चांगला विणकर होतो. हे मी अभिमानाने लिहीत नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून वडील जेवायला उठले की मी बसत असे. साहेबांनी एका बोटाच्या रुंदीत किती सुते, एका लुगड्याला किती, काठाला किती, असे विचारले. मी हात न थांबवता सांगितले. मान वर केली तेव्हा वडील खोलीत नव्हते. खिडकीतून दिसले. ते रस्त्याने चालले होते. वहाणा पायांत घालायच्या विसरून हातात घेतल्या होत्या.

"हे सगळं शाळेत शिकला?" साहेबांनी विचारले.

"होय, साहेब," नवे मास्तर म्हणाले.

मी पुन्हा खटका ओढला.

साहेब फार खूश झाले. त्यांनी तेथेच बसून शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. असा मुलगा म्हणजे नव्या शिक्षणाचे जिवंत उदाहरण आहे. त्याला फायनलच्या घोकंपट्टीत घालवू नये. आणखी दोन वर्षे हस्तव्यवसायाच्या वर्गात ठेवावे आणि इतर मुलांना विणणे शिकवण्यास त्याची मदत घ्यावी. "फायनलला बसणारे पुष्कळ आहेत," ते मला म्हणाले. "तुझ्यासारखा एखादाच." नव्या मास्तरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना खरोखर आनंद झाला होता. साहेब गेल्यावर थोरल्या मास्तरांनी आपल्या टेबलाच्या खणातून माझा अर्ज काढला, पाहिला आणि परत खणात टाकला.

"तरी मी सांगत होतो," ते म्हणाले, "बोटं जास्त चांगली ठेवू नकोस."

घरी त्या संध्याकाळी आईने आंबट वरण आणि भात वाढला. वडील भिंतीकडे तोंड करून जेवले. अमावास्या असल्याने माग बंदच होता.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या बऱ्याच आधी मी शाळेत गेलो. अंगणात सडा मारण्याची पाळी माझी होती. थोरल्या मास्तरांच्या टेबलावर बोरू तासायचा चाकू असे. तो घेतला, मागच्या खोलीत गेलो आणि ताणा कापला. दोन हजारांवर सुते. सूत ताठ असते, चाकू लागताच तडतडते. वेळ फार लागला नाही. चाकू जागेवर ठेवून मी सडा मारला.

नवे मास्तर खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग त्यांनी एका पोराला वडिलांकडे धाडले. आप्पा आले. मागाजवळ गेले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

मला वाटले होते, कोणालाही कळणार नाही. पण मी एक चूक केली होती, आणि ती विणकराच्या पोराखेरीज कोणी केली नसती. परक्या माणसाने ताणा कापला असता तर पुढून, विणलेल्या कापडाजवळ कापला असता. तेथे कापले की सुते फणीतून निसटतात आणि सगळा माग नव्याने भरावा लागतो. मी मागून कापला होता. आणि कापण्याआधी पुढच्या सुतांचे झुपके बांधून ठेवले होते, ती निसटू नयेत म्हणून. हे मी ठरवून केले नव्हते. हातांनी केले. रागातही माझ्या हातांनी सुते सांधता येतील अशीच कापली.

आप्पांनी एक झुपका बोटांत धरला. त्यावरची गाठ पाहिली. ती त्यांनीच मला शिकवलेली होती. मग त्यांनी सगळी टोके दोन्ही मुठींत गोळा केली आणि सरळ उभे राहिले.

"उंदरानी खाल्लंय," ते म्हणाले.

"उंदीर?" नवे मास्तर म्हणाले.

"खळीचा वास येतो न्हवं. लई उंदीर लागत्यात. झाकून ठेवाया पायजे हुतं. माझंच चुकलं."

नव्या मास्तरांनी विश्वास ठेवला. त्यांना सुताची ओळख नव्हती, उंदराचीही नव्हती. थोरले मास्तर दारात उभे होते. ते पुढे आले.

"मूठ उघड."

आप्पांनी उघडली नाही.

"उंदराचे दात बघायचेत मला. उघड."

"मास्तर," आप्पा म्हणाले, "माझा ताना हाय. मी घरला नेतो."

थोरले मास्तर हसले. मग माझ्याकडे वळले आणि मला आपादमस्तक पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे प्रथमच पसंतीने पाहिले. ते आपल्या टेबलाकडे गेले, खणातून माझा अर्ज घेऊन आले आणि आम्हां सर्वांसमोर त्यावर सही केली.

"माग मेला," ते नव्या मास्तरांना म्हणाले. "आता उदाहरणाचं काय करणार? जाऊ दे त्याला फायनलला. हे पोर माझं आहे."

त्या वर्षीच खड्डा बुजवला. नव्या मास्तरांची बदली झाली. जाताना ते माझ्यासाठी एक टकळी ठेवून गेले. मी ती चुलीत घातली.

वडिलांनी ताणा घरी आणून आपल्या मागावर चढवला आणि मला समोर बसवले. मध्ये राखेची वाटी ठेवली. राखेत बोटे बुडवली म्हणजे सूत घसरत नाही.

"सांध," ते म्हणाले.

"परीक्षा आठ दिसांवर आली, आप्पा."

"सांध."

गंगाक्का मदतीला सरकली तेव्हा त्यांनी तिच्याकडे नुसते पाहिले. ती परत रहाटावर गेली. शाळेआधी आणि शाळेनंतर मी सुते सांधत होतो. मागचे एक, पुढचे एक, गाठ. थोरल्या मास्तरांच्या रुळाने टोके बधिर झालेली, राखेने फाटलेली. सुताला रक्त लागले की आप्पा ते सूत तोडून पुन्हा सांधायला लावीत. सारे दिवस ते माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. स्वतः एक गाठ मारली नाही. माग बंद होता, म्हणून घरात गंगाक्काच्या रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. आठव्या दिवशी सकाळी शेवटची गाठ झाली. त्यांनी ताण्यावरून तळहात फिरवला.

"जा," ते म्हणाले. "पास हो. पर ह्या घरात तुझा हात मागाला लागला तर तोडून टाकीन."

मी पास झालो. बोटांवर चिंध्या गुंडाळून पेपर लिहिला. अक्षर वाईट आले, पण पास झालो. मास्तर झालो, ट्रेनिंगला गेलो आणि निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या गावांत सारी नोकरी केली. तेथल्या बायका वखारीत तंबाखू निवडीत आणि पोरांची बोटे विड्या वळायला हवी असत. मी पोरांना बोटे जुळवायला सांगितले आणि टोकांवर मारले. माझ्या हाताखालची दोन मुले वकील झाली. बाकीच्यांचे काय झाले ते मी विचारले नाही. मला पश्चात्ताप होतो का, असे एकदा माझ्या मुलाने विचारले. मी त्याला पाणी आणायला सांगितले.

त्या ताण्याचे लुगडे झाले. सगळ्या गाठी फणीतून पार होऊन कापडात आल्या आणि अंजिरी रंगावर आडवी, खरबरीत रेघ उमटली. तसले लुगडे कोणी घेत नाही. ते आईला राहिले. नेसताना रेघ निऱ्यांत दडवता आली असती; गंगाक्काने तिला दोनदा तसे नेसवून दाखवले. आई नेसत असे ती रेघ बरोबर खांद्यावर येईल अशी. मी सुटीत घरी आलो की पेटीतून तेच काढी. वाढायला वाकली की ती रेघ माझ्या तोंडासमोर येई, आणि भात पानात पडून गेला तरी ती क्षणभर तशीच वाकून राही.